मार्कडाउनमध्ये भावपत्रक, पत्र आणि इतिवृत्त: ऑफिसात नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

जळगावच्या एमआयडीसीतल्या एका डाळ मिलच्या ऑफिसात मी पत्रव्यवहार बघते. तुरीचा हंगाम असला की दिवसाला दहा-बारा भावपत्रकं जातात. शिवाय वाहतूकदारांना पत्रं, शनिवारच्या बैठकीचं इतिवृत्त, मशीनवरच्या मुलांसाठी कामाच्या सूचना. तीन वर्षांपूर्वीपर्यंत हे सगळं मी वर्डमध्ये करायचे. पद्धत बहुतेक तुमचीच: मागच्या पार्टीची फाइल उघडायची, नाव बदलायचं, दर बदलायचे आणि नव्या नावाने सेव्ह करायची. एकदा अशाच जुन्या फाइलमधली ‘भाडे आमच्याकडे’ ही शर्त पुसायची राहिली आणि इंदूरला गेलेल्या गाडीचं भाडं मिलला भरावं लागलं. दर मी दोनदा तपासले होते. शर्तींकडे डोळा गेलाच नव्हता.

त्यानंतर मी मार्कडाउनकडे वळले. खुणा शिकायला दोन दिवस लागले, पण मराठीत लिहिताना येणाऱ्या अडचणी सोडवण्यात दोन महिने गेले. ते दोन महिने तुमचे वाचावेत म्हणून हे लिहिते आहे.

मार्कडाउन म्हणजे साध्या मजकुरात चार-दोन चिन्हं घालून ‘हा मथळा’, ‘ही यादी’, ‘हे ठळक’ असं सांगायची रीत. व्हॉट्सॲपवर एखादा शब्द दोन ताऱ्यांमध्ये लिहिला की ठळक होतो, हे तुम्हाला माहीत आहे; त्याच जातीची ही गोष्ट. जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये ती मांडली, ॲरन स्वार्ट्झ यांची त्यात मदत होती. चिन्हांसकट फाइल वाचली तरी ती सरळ वाचता यावी, हा त्यामागचा विचार. आपल्या कामाला मोठा फायदा याचा, की मजकूर एका जागी राहतो आणि लेटरहेड, फॉंट, समास हा सगळा पोशाख दुसऱ्या जागी. भावपत्रक लिहिताना तुमच्यासमोर फक्त शब्द आणि आकडे असतात. चुकलेली शर्त मग लपत नाही.

काय काय जवळ ठेवायचं

- कॉम्प्युटर, साधाच चालतो, आमचा सात वर्षं जुना आहे
- लिहायला व्हीएस कोड हा मोफत प्रोग्राम, किंवा सुरुवातीला नोटपॅड
- पॅनडॉक: मार्कडाउनची वर्ड फाइल करून देणारा मोफत प्रोग्राम. जॉन मॅकफार्लेन या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनी तो २००६ मध्ये आणला आणि आजही त्यात भर पडते आहे
- वर्ड किंवा लिब्रेऑफिस
- मराठी युनिकोड कीबोर्ड (युनिकोड म्हणजे मराठी अक्षरं मराठी म्हणूनच साठवायची पद्धत)
- तुमच्या लेटरहेडची फाइल
- नेहमी लागणारे तीन जुने कागद: एक भावपत्रक, एक पत्र, एक इतिवृत्त

१. आधी जुना मजकूर युनिकोडमध्ये आणा

ही पायरी टाळून पुढे गेलात तर पहिल्याच दिवशी हात टेकाल. आपल्याकडच्या ऑफिसांमध्ये वर्षानुवर्षं श्रीलिपी, कृतीदेव, शिवाजी अशा फॉंटांत काम झालं. त्या फायलींत मुळात मराठी अक्षरं साठवलेली नसतात. आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात आणि फॉंट त्यांना मराठी चेहरा देतो. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये फॉंटच नसतो, त्यामुळे असा परिच्छेद तिथे चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसतो.

जुन्या फॉंटातून युनिकोडमध्ये आणणारे कन्व्हर्टर मिळतात, ते वापरा. पण आलेला मजकूर डोळ्यांनी वाचल्याशिवाय पुढे पाठवू नका. जोडाक्षरं, रफार आणि कंसातले आकडे हमखास बिघडतात. एक-दोन पानांचा कागद असेल तर सरळ पुन्हा टाइप करावा, असं माझं मत आहे. वेळ तेवढाच जातो आणि जुन्या चुकाही निघतात.

जुन्या विंडोजवरच्या नोटपॅडमध्ये सेव्ह करताना खाली ‘एन्कोडिंग’ असा पर्याय दिसतो. तिथे यूटीएफ-८ (युनिकोड मजकूर फाइलमध्ये साठवायची रीत) निवडा, नाहीतर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं उरतात आणि गेलेला मजकूर परत येत नाही. २०१९ नंतरच्या विंडोज १० मध्ये नोटपॅड आपणहून यूटीएफ-८ धरतं.

आणखी एक बारीक गोष्ट. ‘व्यापाऱ्याला’, ‘दुसऱ्या’ यांतला अर्धा र दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी टाइप होतो: खाली टिंब असलेला ऱ घेऊन, किंवा साधा र आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधताना एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही. ऑफिसात सगळ्यांनी एकच पद्धत ठरवा. आम्ही टिंबवाला ऱ ठरवला.

२. चिन्हं कुठून टाइप करायची

इन्स्क्रिप्ट, म्हणजे विंडोजमधल्या मराठी कीबोर्डवर शिफ्ट धरून तीनचं बटण दाबलं की # येत नाही, र जोडणारी खूण येते. आठच्या बटणावर ताऱ्याऐवजी श्र येतो. उभ्या रेघेच्या बटणावर ॉ बसलेला असतो. म्हणून खुणा इंग्रजी कीबोर्डवर आणि मजकूर मराठीवर, अशी अदलाबदल करावी लागते. विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबला की कीबोर्ड बदलतो. तीन-चार दिवसांत बोटांना सवय होते.

तक्त्यासाठी लागणारी उभी रेघ | आणि श्लोकाच्या शेवटी येणारा दंड । या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोबाइलच्या मराठी कीबोर्डवरून लिहिलं तर चुकून दंड पडतो आणि तक्ता तक्ताच होत नाही.

३. पहिली फाइल लिहा

फाइलच्या नावाच्या शेवटी टिंब आणि मग इंग्रजी एम, डी ही दोन अक्षरं हवीत. नोटपॅड त्यापुढे गुपचूप आपलं टीएक्सटी जोडतं, म्हणून सेव्ह करताना ‘ऑल फाइल्स’ निवडा. आता हे लिहून बघा:

# भावपत्रक

प्रति,\
खरेदी व्यवस्थापक,\
(पार्टीचं नाव), इंदूर

विषय: तूर डाळ व उडीद मोगर यांचे दर

महोदय,

आपल्या विचारणेनुसार आजचे दर खाली देत आहोत.

- दर आज संध्याकाळी ६ पर्यंत लागू
- माल मिलपोच, भाडे खरेदीदाराकडे

कामाच्या नव्वद टक्के खुणा यात आल्या. व्हीएस कोडमध्ये कंट्रोल-शिफ्ट-व्ही दाबलं की हा कागद कसा दिसेल ते नव्या टॅबमध्ये कळतं. आता खड्डे कुठे आहेत ते सांगते. मी यातल्या प्रत्येकात पडले आहे.

मथळ्याच्या # नंतर एक जागा सोडा आणि मथळ्याच्या वर-खाली एकेक ओळ कोरी ठेवा. यादीच्या आधीही कोरी ओळ हवीच. व्हीएस कोडच्या झलकेत ती नसतानाही यादी बरोबर दिसते, पण पॅनडॉक तीच यादी एका परिच्छेदात कोंबतो. झलक बघून निश्चिंत होऊ नका.

पत्त्याच्या ओळींच्या शेवटी जी तिरकी रेघ दिली आहे, ती विसरलात तर सगळा पत्ता एका ओळीत सलग येतो. मार्कडाउनमध्ये नुसतं एंटर म्हणजे फक्त एक जागा.

क्रमांकाची यादी करायची तर अंक इंग्रजीच टाकावे लागतात. मराठी १, २, ३ लिहिले की त्यांना पॅनडॉक यादी मानत नाही आणि सगळे मुद्दे एकापुढे एक चिकटतात. करारातली कलमं मराठी अंकांतच हवी असतील तर प्रत्येक कलमाच्या मध्ये कोरी ओळ सोडून त्यांना वेगळे परिच्छेद करा.

व्हॉट्सॲपवर एक तारा म्हणजे ठळक. इथे एक तारा म्हणजे तिरपं आणि दोन तारे म्हणजे ठळक. देवनागरी तिरपी केली की वाचायला त्रास होतो, म्हणून आम्ही एकेरी तारा वापरतच नाही. ठळक करताना पूर्ण शब्द घ्या. ‘डाळीचा’मधला नुसता ‘डाळ’ ठळक करायला गेलात तर वेलांटी सुटून बाजूला पडते.

ताऱ्यावरून एक गोष्ट सांगायलाच हवी. माझी वहिनी इथल्याच एका चटईच्या कारखान्यात ऑर्डरी बघते. तिने मापं लिहिली ४*६ आणि ६*९. दोन तारे म्हणजे तिरप्याची सुरुवात आणि शेवट, असं पॅनडॉकने धरलं आणि तारे गिळून टाकले. कागदावर छापलं गेलं ४६ आणि ६९. सुपरवायझरने विचारलं म्हणून निभावलं. मापं लिहिताना गुणाकाराचं × चिन्ह वापरा किंवा ‘४ बाय ६’ असं लिहा. तारा हवाच असेल तर त्याच्याआधी तिरकी रेघ द्या.

४. दरांचा तक्ता

| माल | पॅकिंग | दर, रु. प्रति क्विंटल |
|---|---|---:|
| तूर डाळ फटका | ५० किलो | (आजचा दर) |
| तूर डाळ सव्वा नंबर | ५० किलो | (आजचा दर) |
| उडीद मोगर | ३० किलो | (आजचा दर) |

दुसऱ्या ओळीत शेवटी जे विसर्गासारखं चिन्ह दिलं आहे, त्यामुळे तो रकाना उजवीकडे सरकतो आणि आकडे एकाखाली एक येतात. फाइलमध्ये उभ्या रेघा एका रांगेत दिसल्या नाहीत तरी चालतं. देवनागरीत त्या रांगेत येणारही नाहीत, अक्षरांची रुंदी सारखी नसते. जागा मारत बसू नका. तक्त्यातली एखादी ओळ फार लांब झाली तर मात्र तक्ता पानभर पसरतो आणि रकान्यांची रुंदी दुसऱ्या ओळीत तुम्ही किती आडव्या रेघा दिल्या त्यावरून ठरते. मालाचा रकाना रुंद हवा असेल तर तिथे रेघा वाढवा.

५. वर्डची फाइल काढा

पॅनडॉक त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि इन्स्टॉल करा. त्याला खिडक्या-बटणं नाहीत, आज्ञा टाइप करावी लागते. हे ऐकून घाबरू नका. ज्या फोल्डरमध्ये फाइल आहे तो उघडा, वरच्या पत्त्याच्या पट्टीत इंग्रजीत सी, एम, डी ही तीन अक्षरं लिहून एंटर दाबा. काळी खिडकी उघडेल. तिथे इंग्रजी अक्षरांत या क्रमाने लिहा: पॅनडॉक, मग मूळ फाइलचं नाव, मग वजा चिन्ह आणि त्याला चिकटून ओ हे अक्षर, मग नव्या फाइलचं नाव. प्रत्येकाच्या मध्ये एक जागा. नव्या फाइलच्या नावाला वर्डचं डीओसीएक्स हे शेपूट दिलं की वर्डची फाइल तयार.

आज्ञा बरोबर असूनही ‘परवानगी नाही’ अशा अर्थाचा संदेश आला, तर तीच फाइल वर्डमध्ये उघडी राहिली आहे. ती बंद करा.

पॅनडॉकमधून थेट पीडीएफ काढता येते, पण देवनागरीसाठी वेगळं इंजिन बसवावं लागतं आणि फॉंट सांगावा लागतो. सुरुवातीला त्या वाटेला जाऊ नका. वर्डची फाइल काढायची, एकदा नजरेखालून घालायची आणि वर्डमधूनच पीडीएफ करायची. पार्टीला पीडीएफच जाते.

६. लेटरहेडचा नमुना एकदाच तयार करा

यात एक दुपार घालवा, पुढची सगळी वर्षं ती वसूल होते. नुकतीच पॅनडॉकने काढलेली वर्ड फाइल घ्या आणि तिला ‘नमुना’ असं नाव द्या. तिच्या हेडरमध्ये मिलचं नाव, पत्ता, जीएसटी क्रमांक टाका. फुटरमध्ये पान क्रमांक. समास आणि कागदाचा आकार ठरवा. पुढे आज्ञेत ‘रेफरन्स-डॉक’ हा पर्याय जोडायचा: आधी दोन आडव्या रेघा, मग हा जोडशब्द, बरोबरीचं चिन्ह आणि नमुन्याच्या फाइलचं नाव. पॅनडॉक नमुन्यातला मजकूर सोडून देतो आणि हेडर, फुटर, समास, अक्षरांच्या शैली तेवढ्या उचलतो.

त्यामुळे नमुन्यातला मजकूर निवडून फॉंट बदलण्याचा काही उपयोग होत नाही. बदल ‘स्टाइल’मध्येच करावा लागतो. ‘बॉडी टेक्स्ट’, ‘फर्स्ट पॅराग्राफ’ आणि ‘कॉम्पॅक्ट’ या तीन शैली तपासा, मग ‘हेडिंग १’. तक्त्याच्या शैलीत उभ्या-आडव्या रेघा घाला. मूळ शैलीत त्या जवळजवळ नसतातच आणि आपल्याकडे चौकटीशिवायचा भाव कुणी वाचत नाही.

माझा सगळ्यात जास्त वेळ इथे गेला: मी शैलीत फॉंटचा आकार वाढवला आणि इंग्रजी शब्द तेवढे मोठे झाले, मराठी तशीच बारीक. वर्डमध्ये देवनागरीचा फॉंट आणि आकार वेगळा ठरतो. फॉंटच्या चौकटीत ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ असा स्वतंत्र भाग आहे, आकार तिथे बदलायचा. तो भाग दिसत नसेल तर वर्डच्या भाषांमध्ये आधी मराठी जोडा.

फॉंट निवडताना ल आणि श बघून घ्या. काही फॉंटांत ते हिंदी वळणाचे येतात. आमच्या आप्पांनी, म्हणजे जुन्या मुनीमजींनी, पहिल्याच कागदावर बोट ठेवून ते दाखवलं होतं.

७. शर्ती वेगळ्या फाइलमध्ये

ज्या चुकीपायी मी या वाटेला आले, तिच्यावरचा इलाज हा. पॅनडॉकला एकाच आज्ञेत दोन-तीन फायली देता येतात, तो त्या दिलेल्या क्रमाने जोडतो. म्हणून आमच्याकडे शर्तींच्या दोनच फायली आहेत: एकीत मिलपोच, म्हणजे मिलच्या दारातच ताब्यात द्यायच्या मालाच्या शर्ती, दुसरीत पार्टीच्या गोदामापर्यंत पोच देण्याच्या. भाडं कुणाकडे, हमाली-तोलाई कुणाकडे, पैसे किती दिवसांत, घट किती धरायची, हे सगळं तिथे. भावपत्रकाच्या फाइलमध्ये शर्ती लिहायच्याच नाहीत. (वरच्या उदाहरणात मी भाड्याची ओळ फक्त यादी दाखवायला घातली होती, तुमच्या फाइलमधून ती काढा.) शर्त बदलली की एकाच ठिकाणी बदलते आणि त्या क्षणापासूनच्या प्रत्येक भावपत्रकात नवीच जाते.

सावद्याला केळीच्या गाड्या भरणारा माझा एक मामेभाऊ आहे. भाव रोज बदलतो, पण गाडी भरण्याच्या सूचना तशाच: घड कसे ठेवायचे, पाला किती, गाडी उन्हात किती वेळ उभी करायची नाही. त्याने सूचनांची एक फाइल आणि भावाची एक फाइल अशी विभागणी केली. आता रोज तो चार ओळी लिहितो.

८. आज्ञा एका क्लिकवर आणा

रोज आज्ञा टाइप करायची गरज नाही. तीच ओळ नोटपॅडमध्ये लिहून फाइलला बॅट हे शेपूट द्या आणि त्याच फोल्डरमध्ये ठेवा. डबल क्लिक केलं की काम होतं. आमच्याकडे दोन आहेत, एक मिलपोचची आणि एक गोदामपोचची. नवीन लागलेल्या मुलीला मी काळी खिडकी दाखवलीच नाही, ही दोन चित्रं दाखवली.

फायलींची नावं मात्र इंग्रजी अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता ठेवा, मराठी नावांवर अशी बॅट फाइल अडखळते. नावाच्या सुरुवातीला वर्ष, मग महिना, मग तारीख लिहिली की फायली आपोआप क्रमाने लागतात. ‘फायनल’, ‘फायनल नवं’ ही नावं ऑफिसातून हद्दपार करा. दोन तारखांच्या भावपत्रकांत काय बदललं हे बघायचं असेल तर व्हीएस कोडमध्ये दोन्ही फायली निवडून तुलना करता येते, बदललेली ओळ रंगीत दिसते.

स्वतःसाठी टीप लिहायची असेल तर ती <!-- आणि --> यांच्या मध्ये लिहा, वर्डच्या फाइलमध्ये ती उतरत नाही. पण खरेदीचा भाव तिथेही लिहू नका. कधीतरी घाईत मूळ फाइलच कुणाला तरी पाठवली जाते.

कशासाठी वापरू नका

बिलं, चलनं आणि हिशेबाचं काही टॅलीतच राहू द्या. बेरजा करणं हे मार्कडाउनचं काम नाही. लग्नपत्रिकेसारखी सजावट लागणारे कागदही नकोत. शंभर पानांची मशीनची पुस्तिका करायची असेल, आतल्या आत ‘आकृती ४ पाहा’ असे दाखले द्यायचे असतील, तर २००२ पासून असलेलं ॲस्किडॉक बघा; त्याच घराण्यातलं आहे, थोडं अवघड आहे.

करारनाम्याचं वेगळं. पहिला मसुदा मार्कडाउनमध्ये लिहा, पण वकीलसाहेबांकडे वर्डची फाइल गेली की ते त्यातच बदल करणार. त्या क्षणापासून वर्डची प्रत हीच मूळ प्रत, हे ऑफिसात सगळ्यांना सांगा. नाहीतर दोन करार तयार होतात. सह्या झाल्यावर पॅनडॉकनेच ती फाइल उलट मार्कडाउनमध्ये आणून पुढच्या वर्षासाठी ठेवता येते. तशी आणलीत तर रकान्यांचे जोड आणि कलमांचे क्रमांक सही केलेल्या कागदाशी ताडून बघा.